पाठीचा पिंग: गेमिंग, जुनी पाठदुखी आणि घड्याळाचा नियम

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा एपिसोड कानात हेडफोन घालून चालता चालता ऐकलात तर उत्तम. खुर्चीत बसून ऐकत असाल तरी चालेल, फक्त मध्ये एकदा उठा. का, ते पुढे कळेलच.

आज पाठदुखीवर बोलायचंय. "हा काय म्हाताऱ्यांचा विषय काढला!" असं वाटलं ना? मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. बीटेक केलं, पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर म्हणून काम करतो, आणि गेली चार वर्षं माझी कंबर दुखते. रोज, कमी-जास्त. कुठे पडलो नाही, गाडीवरून घसरलो नाही. एकदा सुरू झाली आणि मुक्कामालाच आली.

आणि मी गेमर आहे. दिवसभर ऑफिसच्या खुर्चीत, रात्री घरच्या खुर्चीत. म्हणजे शरीराला डबल शिफ्ट. आता अशा माणसाला घरून काय ऐकायला मिळतं, तुम्हाला माहितीये. "आधी ते कॉम्प्युटर बंद कर, मग बघ पाठ कशी दुखते ते!" आमच्या आईचं हे वाक्य तिला पाठ झालंय आणि माझ्या पाठीला काही फरक पडलेला नाही. कारण सुट्टीत गावाला जाऊन दहा दिवस एकही गेम न खेळता राहिलो, तरी कंबर दुखतच होती.

मग गेमिंगचा आणि पाठीचा संबंधच नाही का? आहे. पण घरच्यांना वाटतो तसा सरळ नाही. तेच आज उलगडून बघू. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. चार वर्षं ही पाठ घेऊन खेळतोय, वाचतोय, फिजिओथेरपिस्टचं ऐकतोय, त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

आपण एकटे नाही

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्याला जुनाट दुखणं म्हणतात. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. माणसाला कामापासून आणि रोजच्या जगण्यापासून अडवणाऱ्या आजारांच्या यादीत कंबरदुखी जगात पहिल्या नंबरवर आहे. आणि यातल्या बहुतेकांच्या दुखण्याचं एक असं ठाम कारण सापडत नाही. म्हणजे "ही बघा इथे तार तुटलीये" असं दाखवता येत नाही.

इथेच एमआरआयची भानगड सुरू होते. रिपोर्टमध्ये 'डिस्क बल्ज', 'डिजनरेशन' असले शब्द येतात आणि वाचूनच माणूस अर्धा होतो. घरात लगेच चर्चा, "याची गादी सरकलीये." आता २०१५ सालचा एक अभ्यास ऐका. त्यात ३३ संशोधनं एकत्र केली होती, आणि ज्यांना पाठदुखी अजिबात नाही अशा ३,११० लोकांचे स्कॅन त्यात आले होते. विशीतल्या, काहीही न दुखणाऱ्या लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या मणक्यातल्या गादीची झीज दिसली, ३० टक्क्यांमध्ये गादी फुगलेली दिसली. पन्नाशीत झीज ८० टक्के लोकांमध्ये. आणि हे सगळे मस्त चालत-फिरत होते!

म्हणून रिपोर्ट खोटा असतो असं नाही. पण स्कॅनमध्ये जे दिसतं तेच दुखतंय, असं दर वेळी म्हणता येत नाही. कोड रिव्ह्यूमध्ये पन्नास वॉर्निंग दिसतात, प्रॉडक्शन मात्र व्यवस्थित चालू असतं. तसंच काहीसं.

मॅच चालू असताना दुखत का नाही?

आता गेमर लोकांचा खरा प्रश्न. दुपारच्या मीटिंगमध्ये वीस मिनिटांत कंबर बोंबलायला लागते. आणि रात्री रँक मॅचमध्ये दीड तास बसलो तरी काही जाणवत नाही! घरच्यांना हे नाटक वाटतं. "कामाच्या वेळी बरी दुखते तुझी पाठ." नाटक नाही हो. याचं शास्त्र आहे.

१९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी 'गेट कंट्रोल' नावाची थिअरी मांडली. मज्जारज्जूमध्ये जणू एक फाटक असतं. वेदनेचे सिग्नल मेंदूकडे जाताना या फाटकातून जातात, आणि फाटक किती उघडायचं यात मेंदूचाही हात असतो. तुमचं लक्ष कुठे आहे, भीती वाटतेय का, मूड कसा आहे, यावर तोच सिग्नल मोठा किंवा बारीक होतो. थिअरीतल्या तपशिलांवर नंतर बरेच वाद झाले, पण लक्ष आणि मूड यांनी वेदना बदलते, ही गोष्ट टिकली.

याचा वापर थेट गेममधून झालाय. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९० च्या दशकात भाजलेल्या रुग्णांवर व्हर्च्युअल रिअॅलिटी वापरून बघायला सुरुवात केली. त्यातून पुढे 'स्नोवर्ल्ड' हा गेम आला. जखमा साफ करताना भयंकर वेदना होतात. त्या वेळी रुग्ण हेडसेट लावून बर्फाच्या दरीतून जातो आणि स्नोमॅन, पेंग्विन यांच्यावर बर्फाचे गोळे मारतो. बस्स, एवढंच. आणि रुग्णांनी सांगितलं, वेदना कमी जाणवल्या. २००४ मध्ये निरोगी लोकांवर केलेल्या ब्रेन स्कॅनच्या प्रयोगात वेदनेशी संबंधित भागांमधली हालचालही कमी दिसली.

नोव्हेंबर २०२१ मध्ये तर अमेरिकेच्या एफडीएने जुन्या कंबरदुखीसाठी 'ईझव्हीआरएक्स' या व्हीआर प्रोग्रॅमला परवानगी दिली. घरी बसून आठ आठवड्यांचा कोर्स. त्यात गोळीबार वगैरे नसतो, श्वासाचे आणि मन शांत करायचे व्यायाम असतात, वेदनेकडे बघायची पद्धत शिकवतात. तरी मुद्दा तोच, लक्ष गुंतलं की वेदना मागे सरते.

तेव्हा रात्री मॅचमध्ये दुखत नाही, हे खरं असतं. आणि ज्याला रोज दुखतं त्याच्यासाठी ते दोन तास किती मोलाचे असतात, हे न दुखणाऱ्याला सांगून कळत नाही. दिवसभरात तेवढाच वेळ माझी कंबर माझ्याशी बोलत नाही.

पण बिल नंतर येतं

गंमत इथे आहे. गेममध्ये पिंग म्हणजे काय, तुम्हाला सांगायला नको. तुम्ही बटण दाबलं आणि सर्व्हरकडून उत्तर यायला जो वेळ लागतो तो. वीस मिलिसेकंद असेल तर मजा, तीनशे असेल तर तुम्ही मेल्यावर कळतं की गोळी लागली होती.

माझ्या पाठीचा पिंग साधारण दहा-बारा तासांचा आहे. रात्री अकराला जे केलं, त्याचं उत्तर सकाळी नऊला येतं. चप्पल घालायला वाकलो की. एवढ्या पिंगवर कोण गेम खेळेल? पण आपण बहुतेक जण पाठ नेमकी अशीच चालवतो. "दुखायला लागलं की उठेन." अरे, गेमने वेदनेचा आवाज बंद केलाय, तर दुखायला लागलंय हे कळणार कसं? गेमचा जो गुण, तोच त्याचा सापळा.

मग चक्र सुरू होतं. शनिवारी बरं वाटलं, पाच तास खेळलं. रविवारी, सोमवारी आडवं. भीती बसली म्हणून आठवडाभर काहीच नाही, चालणंसुद्धा कमी. स्नायू अजून ढिले. पुढच्या शनिवारी पुन्हा बरं वाटलं, पुन्हा पाच तास. दर फेरीत थोडंसंच बसून पाठ तक्रार करायला लागते.

घड्याळावर थांबा, दुखण्यावर नाही

यावरचा उपाय बराच जुना आहे. विल्बर्ट फोर्डाइस नावाचे मानसशास्त्रज्ञ, तेही वॉशिंग्टन विद्यापीठातलेच. १९७६ साली त्यांचं जुनाट वेदनेवरचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. दुखेपर्यंत काम आणि दुखलं की आराम, असं करू नका. आधी ठरवलेलं माप पूर्ण झालं की थांबा, मग दुखो अथवा न दुखो. आज फिजिओथेरपीमध्ये याला 'पेसिंग' म्हणतात.

मी इंजिनियर आहे, तर माझी पद्धत हिशेबाची. पाच दिवस नोंद ठेवायची. गेम बाजूला ठेवून, साधं काम करताना किती मिनिटं बसल्यावर कंबर वाढीव दुखायला लागते? समजा आलं ३५, ५०, ४०, २५, ४५. बेरीज १९५, सरासरी ३९. त्यातून पाचवा हिस्सा कमी केला की ३१. म्हणजे तुमची एक बैठक ३० मिनिटांची. तीस मिनिटं झाली की उठायचं, दोन-तीन मिनिटं चालायचं, पाणी प्यायचं, कंबर मागे-पुढे वाकवायची, आणि पुन्हा बसायचं.

दोन नियम मोडायचे नाहीत. चांगला दिवस असला तरी तीसच. वाईट दिवस असला तरी शून्य नाही, कमी करा पण काहीतरी करा. दोन आठवडे जमलं की ३३ करा. मग ३६. चिवटपणे, हळूहळू.

यातला पहिला नियम अवघड आहे. कारण चांगल्या दिवशी थांबायचं म्हणजे जिवावर येतं.

गेमचं स्वतःचं घड्याळ

"बॉस, रँक मॅच अर्ध्यात सोडली तर पेनल्टी बसते!" बरोबर. म्हणून गेम निवडताना त्याचं घड्याळ बघायचं.

व्हॅलोरंटची पूर्ण कॉम्पिटिटिव्ह मॅच अर्ध्या तासाच्या पुढे सहज जाते. पण स्विफ्टप्लेमध्ये पाच राउंड जिंकले की संपलं. तीस मिनिटांच्या बैठकीत आरामात बसतं. आणि पूर्ण मॅच खेळायचीच असेल तर माझा नियम, मेलो की उभा. राउंडमध्ये मेल्यावर तसंही टीममेटचा स्क्रीन बघत बसायचं असतं. ते उभं राहून बघा. हेडफोनची वायर पुरत नसेल तर लांब घ्या. माझं एम जसं आहे, त्यात माझा उभं राहायचा वेळ भरपूर निघतो!

बीजीएमआयमध्ये एरांगेलची मॅच साधारण अर्ध्या तासाची, म्हणजे एक मॅच, एक ब्रेक. टीडीएम त्यापेक्षा खूपच छोटी. रॉकेट लीगची मॅच पाच मिनिटांची, त्यामुळे मोजायला एकदम सोपी. स्टार्ड्यू व्हॅलीत एक दिवस सुमारे १४ मिनिटांचा असतो आणि झोपल्यावर गेम सेव्ह होतो. दोन दिवस शेती केली की उठा. याउलट एल्डन रिंगला नेहमीसारखं पॉझ बटणच नाही आणि सिव्हिलायझेशनमध्ये "अजून एक टर्न" करता करता पहाट होते. हे खेळू नका असं नाही, पण तिथे फोनवर टायमर लावूनच बसा. आणि टायमरचा फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, म्हणजे बंद करायला उठावंच लागेल.

खुर्ची, पट्टा, पलंग

आता सेटअपचं. गेमिंग चेअरचं ते पंखवालं डिझाइन रेसिंग कारच्या सीटवरून आलंय. कार जोरात वळताना ड्रायव्हर बाजूला फेकला जाऊ नये म्हणून ते पंख. आपली बेडरूम वळण घेत नाही. त्यामुळे वीस हजार घालायच्या आधी बघा, उंची कमी-जास्त होते का, पाय जमिनीला टेकतात का, हात टेबलाच्या उंचीला येतात का. एवढं जमत असेल तर साधी ऑफिस चेअर पुरे. पाय टेकत नसतील तर खाली पाट ठेवा, तोही चालतो.

आणि कितीही भारी खुर्ची आणा, एकच अशी 'बरोबर पोझ' नसते. ताठ बसून तासभर गोठून राहिलात तरी पाठ कुरकुरणारच. मणक्यातल्या गादीला मोठ्या माणसात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, आजूबाजूनं झिरपून पोषण येतं. हालचाल हवीच. बसण्याची पद्धत बदलत राहा, रेलून बसा, कंट्रोलरवर असाल तर उभं राहून खेळा.

मोबाइलवाल्यांनो, तुम्ही सुटलात असं समजू नका. पीजीच्या खोलीत चार्जरची वायर आखूड, प्लग पलंगाच्या खाली, आणि आपण भिंतीला टेकून धनुष्यासारखे वाकलेले. दोनशे-तीनशे रुपयांची लांब केबल घ्या. मांडीवर उशी आणि उशीवर कोपर ठेवले की फोन वर येतो, मान कमी वाकते.

कमरेच्या पट्ट्याबद्दलही सांगतो, कारण आपल्याकडे घराघरात तो असतो. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम, वेदनेबद्दलची समज आणि मानसोपचाराच्या काही पद्धती यांना होकार आहे. पट्टे आणि ट्रॅक्शन हे नेहमीचा उपचार म्हणून नकोत, असं म्हटलंय. तुमच्या डॉक्टरांनी पट्टा दिला असेल तर परस्पर काढून फेकू नका, पण "हा किती दिवस लावायचा?" हे नक्की विचारा.

आणि सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे चालणं. ऑस्ट्रेलियातल्या ७०१ लोकांवरचा एक प्रयोग २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या लोकांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास चालायला लावलं, सोबत फिजिओचं मार्गदर्शन. दुखणं परत यायला त्यांना मधल्या आकड्यानं २०८ दिवस लागले. ज्यांनी काही केलं नाही त्यांना ११२. मी सकाळच्या स्टँडअप कॉलला कॅमेरा बंद ठेवून गच्चीवर चालतो. नावालाच स्टँडअप असतो तो, निदान माझा तरी खरा होतो.

शनिवार रात्र

आता जे बोलायला हा एपिसोड केला, ते.

कॉलेजचा आमचा चौघांचा ग्रुप. आज एक नाशिकला, एक बेंगळुरूला, एक जर्मनीत. लग्नं झाली, एकाला मूल झालं. फोन करून "काय चाललंय?" विचारणं आमच्याच्याने होत नाही. पण शनिवारी रात्री डिस्कॉर्डवर आलो की गोळीबार करता करता सगळं बाहेर येतं. कोणाची नोकरी जाणार आहे, कोणाचे वडील आजारी आहेत. एकाने घटस्फोटाचं पहिल्यांदा सांगितलं ते लॉबीत, मॅच शोधत असताना.

त्यामुळे कोणी सहज म्हणतं ना, "गेम सोडून दे", तेव्हा तो माणूस मला नुसता गेम सोडायला सांगत नसतो. जुनं दुखणं तसंही माणसाला हळूहळू एकटं पाडतं. ट्रेकला जाणं कमी होतं, लांबच्या बाईक राइड बंद होतात, पिक्चरला तीन तास बसवत नाही. त्यात शनिवार पण गेला तर राहिलं काय?

म्हणून मी मित्रांना स्पष्ट सांगितलं. "दोन मॅच, मग दहा मिनिटं ब्रेक, मग दोन मॅच. साडेबाराला मी जाणार." पहिल्यांदा "अरे काका!" म्हणून चिडवलं. आता ब्रेकमध्ये चौघंही उठतात, जर्मनीवाला त्याच्या किचनमध्ये काहीतरी शिजवत असतो. गप्पा ब्रेकमध्येच जास्त होतात. साडेबाराची मर्यादा झोपेसाठी आहे. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त लागतं.

तुमच्या घरच्यांनाही असंच सांगून बघा. "बंद कर" आणि "बंद करणार नाही" या भांडणात दोघंही हरतात. त्याऐवजी टायमर त्यांना दाखवा. आमच्या आईने आता दुसरं वाक्य सुरू केलंय, "वाजला बघ तुझा टायमर, ऊठ." आधीच्यापेक्षा हे कितीतरी उपयोगाचं आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे तपासा. गेमवर ताबा राहिला नाही, बाकी सगळं मागे पडलं, नुकसान दिसतंय तरी थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चाललंय, तर त्याला जागतिक आरोग्य संघटना 'गेमिंग डिसऑर्डर' म्हणते. तिथे टायमर पुरणार नाही, समुपदेशकाची मदत घ्या. त्यात लाज कसली.

डॉक्टरकडे कधी पळायचं?

हा भाग स्किप करू नका. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद कमी होतेय, तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल. पाठदुखीसोबत ताप, कारण नसताना वजन घटणं, किंवा पडल्यानंतर सुरू झालेलं जोरदार दुखणं असेल तरीही लवकर दाखवा.

अजून एक, खास आपल्या वयासाठी. दुखणं हळूहळू सुरू झालं, तीन महिन्यांच्या वर गेलं, सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ पाठ आखडलेली असते, पहाटे दुखून जाग येते, आराम केला की वाढतं आणि हालचाल केली की कमी होतं? मग ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांना भेटा. अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस नावाचा आजार असाच तरुणपणी सुरू होतो आणि "बसून बसून होतंय" म्हणून कित्येक वर्षं लक्षात येत नाही. त्यावर औषधं आहेत, फक्त वेळेत कळायला हवं.

तर मंडळी, माझी पाठ बरी झाली का? नाही. आजही दुखतेय. पण पूर्वी आठवडा कसा जाणार हे ती ठरवायची, आता बऱ्यापैकी मी ठरवतो. या आठवड्यात एवढंच करून बघा, पाच दिवस मिनिटांची नोंद ठेवा आणि तुमचा आकडा काढा. आकडा आला की व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात त्यातल्या काही वाजवू. आणि हो, कोणी व्हॅलोरंटमध्ये तुमच्या टीमला मेल्यावर "उभा राहिलोय" म्हणाला, तर तो बहुतेक मीच असेन. रिपोर्ट करू नका.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.